सुंदराबाईंच्या डोंगराला पांघरूण घालताना

ठाण्याहून खडवली किती लांब, असं मला कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, जाणार कशात बसून? गाडीत बसलात तर दीड-दोन तास. तागाच्या सहा गुंड्यांवर आडवे पडून, टेम्पोच्या हौद्यातून आभाळाकडे बघत गेलात, तर मात्र अंतर मोजता येत नाही. मी तसा गेलो. या वयात, या पोटासह, नौपाड्यात चार माणसं नमस्कार करतात अशा गृहस्थाने असं जाणं शोभतं का, हे माझ्या बायकोने निघताना विचारलं होतं. उत्तर द्यायला मी थांबलो नाही.

मी मंडपवाला. हळदी, मुंजी, साखरपुडे आणि अधूनमधून हौशी मंडळींच्या नाटकांचे पडदे. तीस वर्षं एकच काम करतो, कापड ताणतो. मंडपात सुरकुती दिसली तर मी त्या दिवशी जेवत नाही अशी एक अफवा ठाण्यात आहे. ती मीच पसरवली आहे.

सुंदराबाईंची ओळख त्यांच्या मुलीच्या हळदीतली. खडवली स्टेशनच्या पुढे, भातसा नदीच्या अंगाला, एका टेकाडाच्या पायथ्याशी त्यांचं घर आहे. आगरी कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारं. आता शेती बरीचशी विकली गेली, घराभोवतीचा तुकडा तेवढा उरला. त्या हळदीला मी असा मंडप घातला होता की माणसं नवरीकडे बघायची सोडून वर बघत होती. तेव्हापासून सुंदराबाई मला 'भाव' म्हणतात, म्हणजे भाऊ, आणि कापडाचं काही निघालं की फोन करतात. एकदा खिडकीच्या पडद्यासाठी केला होता, एकदा नातवाच्या पाळण्यासाठी. या एप्रिलमध्ये केला तो डोंगरासाठी.

घरामागचा उतार दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली येत होता. मागच्या वर्षी चिखल चुलीपर्यंत आला. सुंदराबाईंचा मुलगा नितेश टिटवाळ्याला राहतो, नव्या इमारतींना विटा आणि रेती पुरवतो. त्याने आईसाठी तिथेच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन ठेवला. सुंदराबाईंना जायचं नव्हतं. मग मायलेकांत एक करार झाला. येत्या पावसाळ्यात अंगणात पाटीभर माती आली तर आई एक शब्द न बोलता फ्लॅटमध्ये जाईल. नाही आली तर नितेश फ्लॅटचं नाव काढणार नाही.

करार करताना बाईंच्या मनात काय होतं ते नितेशला ठाऊक नव्हतं. मागच्या पावसाळ्यात उतारावर त्यांचं एक जुनं गोणपाट पडून राहिलं होतं. सगळीकडची माती वाहून गेली, गोणपाटाखालची राहिली, आणि त्याच्या भोकांतून गवत वर आलं. पुढे घाटातून जाताना रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीवर त्यांना तसलंच तपकिरी जाळीदार कापड अंथरलेलं दिसलं. त्यांनी गाडी थांबवून मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, जूट आहे, ताग. पाण्याचा मार अंगावर घेतं, माती धरून ठेवतं, दोन वर्षांत कुजून जातं, तोवर गवताची मुळं काम हातात घेतात. बाईंनी हे सगळं मला फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "कापडाचा मानूस मना तूच ठावं हायस, भाव."

अशा वाक्यानंतर मी नाही म्हणू शकत नाही. स्तुतीपुढे मी पहिल्यापासूनच दुबळा आहे.

भिवंडी, कल्याण, टिटवाळा

भिवंडीच्या एका गोदामात माल मिळाला. बंगालहून आलेला, बोटाचं पेर जाईल एवढ्या चौकोनांचा, जाड सुतळीचा. त्याचा वास म्हणजे जुन्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीचा. तांदूळ, धूळ आणि किंचित तेल. टेम्पोत पुढे चालकाशेजारी माझा कारागीर गणपत बसला. गणपत माझ्याकडे पंचवीस वर्षं आहे आणि दिवसाला साधारण सहा वाक्यं बोलतो. मी मागे गुंड्यांवर.

आपण रस्ते नेहमी समोरून बघतो. खालून बघितले नसतील तर एकदा बघा. विजेच्या तारा हळूहळू एकमेकींजवळ येतात, कुजबुजतात आणि लांब जातात. झाडांची पोटं दिसतात. दुर्गाडीच्या पुलावर खाडीचा वारा आला आणि एक घार माझ्या नाकाच्या बरोबर वर, टेम्पोच्या वेगानेच तरंगत राहिली. आम्ही दोघेही कुठेच जात नव्हतो, पूलच आमच्याखालून मागे सरकत होता. कल्याणात कुठेतरी लग्नाचा बँड ऐकू आला आणि मी झोपेतच ठरवलं की त्यांचा मंडप सैल आहे.

टिटवाळ्यात जाग आली ती इमारतींमुळे. झोपून बघितलं की नव्या इमारती आभाळात आत शिरताना दिसतात, आणि पंधराव्या मजल्यावरची वाळत घातलेली साडी कुणीतरी निरोप देत असल्यासारखी हलते. नितेश रस्त्यात उभा होता. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बुटांवर विटांची धूळ. मला हौद्यातून उतरताना बघून त्याने काहीही म्हटलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. आम्हाला उसाचा रस पाजला, गुंड्यांना हात लावून बघितला. गोणपाटाने डोंगर थांबत असता तर सिमेंट कुणी घेतलं असतं, असं काहीतरी पुटपुटला. मग मला बाजूला नेऊन म्हणाला, "काका, मी आईला हरवायला बसलेलो नाही. पावसाळ्यात रोज सकाळी तिचा फोन येईपर्यंत माझा चहा घशाखाली उतरत नाही, एवढंच आहे."

मी रसाचा ग्लास संपवला आणि पुन्हा गुंड्यांवर चढलो.

गालिचा

सुंदराबाईंच्या घराकडे जाणारी गल्ली टेम्पोला अरुंद होती, म्हणून गुंड्या हातांनी लोटत न्यायचं ठरलं. ठरवलं मी. गल्लीला उतार आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पहिली गुंडी हातातून निघालेली होती. ती उलगडत उलगडत खाली गेली, दोन अंगणं ओलांडून एका गवताच्या गंजीला टेकली. मागे गल्लीभर तपकिरी गालिचा पसरला. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक म्हैस आली. तिने गालिचा पाहिला, क्षणभर थांबली आणि उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखी त्याच्या मधोमध चालत आमच्यापर्यंत आली. तिच्या मागून सुंदराबाई. साठी ओलांडलेली, ठेंगणी, काष्टा घातलेली बाई. पहिलं वाक्य मला नव्हतंच. म्हशीला म्हणाल्या, "चल गं, तुझा मंडप नाय हा."

आमच्या नौपाड्यात पाहुण्याला आधी विचारतात, चहा घेणार का. मग पाहुणा नको म्हणतो, मग यजमान आग्रह करतो, मग पाहुणा अर्धा कप म्हणतो. या सगळ्याला चहा करण्याइतकाच वेळ लागतो. सुंदराबाईंकडे विचारत नाहीत. बसलात की समोर ताट येतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी आणि मीठ लावलेली कैरी. गणपत जेवला आणि त्या दिवसाचं तिसरं वाक्य बोलला. "इथे राहू."

जेवणानंतर आम्ही ओटीवर लवंडलो. मे महिन्याची दुपार, समोर उघडाबोडका उतार. ओरखडे निघालेला, मधे मधे दगड, पावसाने पाडलेल्या घळी. एक घळ थेट स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीकडे रोखलेली. डोळे किलकिले केले की तो उतार एखाद्या झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखा हलताना दिसे, श्वास घेतल्यासारखा. वाटलं, याचं आजवर सगळ्यांनी घेतलंच असणार, लाकूड, माती, दगड. अंगावर काही घालावं असं कुणाला सुचलं नसेल.

दुसरा दिवस, म्हणजे माझा विजय

मुकादमाने बाईंना सांगितलेली कृती साधी होती. उताराच्या माथ्यावर एक चर खणायचा. गवताचं बी पेरायचं. कापडाचं वरचं टोक चरात पुरायचं आणि कापड वरून खाली सोडायचं, आडवं कधीच नाही. शेजारच्या पट्ट्याची कड दुसऱ्यावर चढवायची, कौलं बसवतात तशी. बांबूच्या खुंट्यांनी ठोकायचं. एका गुंडीतून तीन पट्टे, असे अठरा.

बी सुंदराबाईंनी स्वतः गोळा केलं होतं. मागच्या दिवाळीत नदीकाठचं गवत वाळल्यावर झाडून आणलेलं, मडक्यात राख घालून ठेवलेलं. कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं ते त्या मुठीने फेकत होत्या. मला त्यात काही देखणेपण दिसलं नाही. माझं लक्ष कापडाकडे होतं.

मी आणि गणपतने ते कापड ताणलं. वाचकहो, ते असं ताणलं की काय सांगू. वर चरात पक्कं पुरलं, खाली दोघांनी लोंबकळून ओढलं, मग खुंट्या ठोकल्या. खड्ड्यांवरून, घळींवरून, दगडांवरून कापड सरळ रेषेत गेलं. संध्याकाळी उन्हाची तिरीप पडली तेव्हा अठरा पट्ट्यांचा तो उतार सोन्याच्या पाटासारखा झळकत होता. कुठे घडी नाही, कुठे झोळ नाही. बोट मारलं की सुतळी वाजायची. गावातली चार माणसं बघायला आली. एकाने फोटो काढला. मी कमरेवर हात ठेवून असा उभा राहिलो की फोटोत मीही येईन.

सुंदराबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, सकाळी बघू.

कळशीभर पाणी

सकाळी त्या डोक्यावर कळशी घेऊन उतारावर चढल्या. मला वाटलं पूजा करणार आहेत, म्हणून मी शर्टाची बटणं लावली. त्यांनी माथ्यावर उभं राहून कळशी सावकाश ओतली.

पाणी कापडावर पडलं, दोन हात कापडावरून आलं आणि पहिल्याच घळीपाशी भोकांतून आत उतरलं. कापड वर ताणलेलं, जमीन खाली वीतभर. पाणी त्या मधल्या बोळातून धावत आलं, आणि खाली माझ्या पायांपाशी पोचलं तेव्हा ते पाणी नव्हतं, तांबडा चहा होता. माझ्या चपलेवर मातीचा थर बसला. वर माझा सोन्याचा पाट तसाच झळकत होता.

सुंदराबाई खाली आल्या. रागावल्या नाहीत. मला स्वयंपाकघरात नेलं. तिथे भाकरीसाठी मळलेली उकड परातीत होती, वर ओलं फडकं. त्यांनी ते उचलून दाखवलं. फडकं पिठाला सगळीकडे चिकटलेलं होतं, जिथे बोटांचे खळगे होते तिथे खळग्यात उतरलेलं.

"पीठ झाकताना फडका ताणतंस का, भाव?" त्यांनी विचारलं. "वर हवा ऱ्हायली की साय धरते, नि पीठ फुटतं. अंगाला लागला पायजे. जिथं खोल, तिथं खोल."

मी आजवर कापड माणसांच्या डोक्यावर घातलं होतं. अंगावर घालायचं कापड वेगळं असतं हे मला पन्नाशीनंतर, चपलेत चिखल घेऊन, एका परातीपुढे कळलं.

मग सगळं सोडवलं. खुंट्या उपटल्या, पट्टे सैल केले. विहिरीवरच्या पंपाला पाइप लावून सुंदराबाईंनी कापड भिजवायला सांगितलं, आणि मग एक मजा दिसली. कोरडं असताना ताठ असलेलं ते जाळं पाणी पिऊन जड झालं आणि हळूहळू खाली बसलं. घळीत उतरलं, दगडाच्या कुशीला वळलं, खड्ड्यांच्या तळाला टेकलं. जणू कुणीतरी दमून झोपतंय आणि एकेक अवयव ढिला सोडतंय. आम्ही तिघं पायांनी, तळव्यांनी ते दाबत खाली सरकत होतो. ओल्या तागाला गुळाच्या ढेपेसारखा वास येत होता. वर करवंदीच्या जाळीत कुठलंसं पाखरू एकच सूर पुन्हा पुन्हा काढत होतं, आणि दुपारपर्यंत माझा वेळेशी असलेला संबंध संपला. झोळ, घड्या, चुण्या, सगळं काही माझ्या डोळ्यांदेखत माझ्या हातांनी होत होतं, आणि चक्क बरं वाटत होतं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तेव्हा कुणाला सांगितली नाही.

सतरा पट्टे असे निजवले. अठरावा रस्त्याच्या बाजूचा. गल्लीतून येणाऱ्याला पहिला तोच दिसायचा. काल फोटो निघाला तोही त्याचाच. सूर्य उतरत आला होता, सुंदराबाई भाकऱ्या करायला आत गेल्या होत्या. मी त्या पट्ट्याकडे बघितलं, त्याच्या सरळ कडांकडे बघितलं, आणि मनाशी म्हटलं, इथे जमीन तशी सपाटच आहे. ती नव्हती. मी त्यावर वरवर पाणी मारलं आणि खुंट्यांवर आणखी दोन-दोन घाव घातले. गणपत पाइप गुंडाळत होता. त्याने पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसाची सहा वाक्यं त्याची बोलून झाली असावीत.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सुंदराबाईंनी पिशवीभर कैऱ्या दिल्या आणि झालं का सगळं, असं विचारलं. मी झालं म्हणालो.

श्रावणात पुन्हा

जुलै गेला. पाऊस भरपूर झाला. खडवलीहून फोन नव्हता, आणि मी नौपाड्यात जो भेटेल त्याला डोंगराची गोष्ट सांगत होतो. गोष्टीत पट्टे अठराच्या अठरा निजलेले असत. मग श्रावणातल्या एका शुक्रवारी सुंदराबाईंचा फोन आला. आवाज नेहमीचाच. माती आली, म्हणाल्या. पाटीभर नाही, चांगल्या सात-आठ पाट्या. नितेशला सांगितलंय, रविवारी न्यायला येतोय. तू केलंस ते चांगलंच केलंस, म्हणून कळवलं.

कुठून आली, हे मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी एकटाच पोचलो. श्रावणातली खडवली तुम्ही पाहिली नसेल, तर मी सांगूनही उपयोग नाही. ऊन पडलं होतं आणि त्याच उन्हातून बारीक पाऊस येत होता. भाताची खाचरं काठोकाठ, नदीवर पांढरी वाफ. गल्लीच्या तोंडाशी मी थांबलो, कारण मला डोंगर ओळखू येईना. तपकिरी काही उरलं नव्हतं. कमरेइतकं गवत, वाऱ्याबरोबर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळणारं, आणि त्यावर पाण्याचे थेंब घेऊन बसलेले असंख्य कोळ्यांचे धागे. ज्या घळींची मला भीती वाटली होती त्या कुठे होत्या तेही सांगता आलं नसतं. सगळा उतार झोपेत हसल्यासारखा हिरवा.

फक्त रस्त्याकडची एक पट्टी सोडून. तिथे वरपासून खालपर्यंत लालभडक ओरखडा होता. त्याच्यावर माझं कापड अजून ताणलेलं होतं, वाऱ्यावर थरथरत, आणि त्याखाली जमीनच नव्हती. खाली अंगणात, स्वयंपाकघरापासून दोन हातांवर, मातीचा ढीग.

सुंदराबाई ओटीवर बसल्या होत्या. शेजारी कपड्यांचं एक गाठोडं आणि दोन पत्र्याचे डबे, बांधून तयार. मी आत न जाता आधी ढिगाकडे गेलो आणि माझ्या स्वभावाला धरून पहिला विचार सुचला तो त्यांच्याजवळ बोललोही. नितेशला यायला तासभर आहे, आपण दोघं मिळून हे उचलून टाकू, शेण सारवू, फोनवर जरा जास्तच सांगितलं म्हणू.

"नको," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी शब्द झालाय माझा."

मग मला सांगावंच लागलं. उभ्या उभ्या सांगितलं, एकदाही हातवारे न करता. फोटोचं सांगितलं, रस्त्यावरून दिसण्याचं सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"मना ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तू गेलास त्याच दुपारी मी वर गेलते. बोट लावलं तं वाजला. काढाय बघितला. तुझ्या खुंट्या निघंनात." मग म्हणाल्या, "मना वाटलं, तू येशील परत नि सैल करशील. पावन्याला काय सांगायचं?"

मला तीस वर्षांत नाटकवाल्यांनी, वरबापांनी, केटररांनी पुष्कळ बोलून घेतलंय. हे शेवटचं वाक्य त्या सगळ्यांहून जड होतं.

नितेश

तो गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आला. ढीग बघितला. आईकडे बघितलं. चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, उलट घाबरल्यासारखा दिसला. सुंदराबाई उठल्या आणि गाठोडं उचललं. चल म्हणाल्या.

मी मधे आलो. नाटकात अशा वेळी माणूस दिव्याच्या झोतात येतो. तिथे नुसता पाऊस पडत होता. "नितेश, ही माती डोंगराची नाही, माझी आहे," मी म्हणालो आणि त्यालाही सगळं सांगितलं. तुझी आई जे सांगत होती ते मी सतरा ठिकाणी ऐकलं आणि अठराव्या ठिकाणी ऐकलं नाही. जाऊन बघ एकदा, मग न्यायचं तर ने.

तो इस्त्रीच्या पँटमध्ये, चांगल्या बुटांत वर चढला. मी मागोमाग. आधी तो ओरखड्याजवळ बसला, ताणलेल्या कापडाखाली हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. मग शेजारच्या पट्ट्यावर गेला. गवत बाजूला सारलं. खाली ताग होता, काळपट, मऊ, आणि त्याच्या प्रत्येक भोकातून गवत उगवलेलं. त्याने कापडाची कड दोन बोटांत धरून उचलायला बघितलं. उचललं गेलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. ते मातीला शिवलेलं होतं, हजार बारीक पांढऱ्या मुळांनी. तो तिथेच खाली बसला. माझ्या अनुभवाने सांगतो, विटा-रेतीचा धंदा करणारा माणूस ओल्या गवतात बुटांसकट बसतो तेव्हा त्याच्याशी बोलू नये.

मग तोच बोलला. मागच्या वर्षी तो आलेला तेव्हा चिखल चुलीत होता आणि आई खाटेवर बसून हसत होती, त्याला धीर द्यायला. ते हसणं त्याला पाऊस पडला की आठवतं. "हे धरून राहील, काका?"

मी नेहमी अशा प्रश्नाला मोठं उत्तर देतो. या वेळी खरं दिलं. म्हटलं, सतरा पट्टे धरून राहिलेत. अठरावा मी आज घालतो, तुझ्या आईच्या हाताखाली. पुढच्या वर्षी तू स्वतः कळशी ओतून बघ.

तो उठला, खाली गेला. मी वरून बघत होतो. आईच्या हातातलं गाठोडं त्याने घेतलं आणि ओटीवर ठेवलं. बूट काढले. भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं, पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि अनवाणी चढू लागला. पहिली पाटी त्याने ओरखड्यात ओतली आणि खाली बघून विचारलं, "आय, इथं?"

"खाली नको, वरती. माथ्यापासून भर," सुंदराबाई अंगणातून म्हणाल्या. "नि गवतावर पाय देऊ नको."

मी माझ्या खुंट्या उपटायला घेतल्या. त्या खरंच निघत नव्हत्या. पहार लागली. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी खाली आलेली माती जिथून आली होती तिथे नेऊन घातली. बी सुंदराबाईंच्या मडक्यात शिल्लक होतं. त्यांनी ते फेकलं, मी कापड सोडलं, पावसाने ते भिजवलं आणि त्यांनी तळहाताने खड्ड्याखड्ड्यात बसवलं. नितेश खालची कड धरून बसला होता आणि आई सांगेल तिथे खुंटी मारत होता, हळू.

शेवटी तो अंगणात गेला. उरलेली माती खरवडली, खराट्याने दोनदा झाडलं, बादलीभर पाणी ओतलं आणि आईला हाक मारली.

"आय, बघ. अंगणात माती हाय?"

सुंदराबाई ओटीवरून उतरल्या. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नीट बघत गेल्या, चुलीच्या भिंतीपाशी वाकून बघितलं, तुळशीमागे बघितलं.

"नाय," त्या म्हणाल्या.

"मग जा आत, चहा ठेव," नितेश म्हणाला, आणि पत्र्याचे दोन्ही डबे उचलून तिच्या मागोमाग घरात गेला.